न पुरलेले बी

मित्रांनो, माझ्या तोंडाला बावन्न भोके आहेत. त्यांतली एकोणीस गंजून बुजली आहेत. उरलेल्या तेहतीस भोकांतून पाणी पडते, पण सरळ पडत नाही, जरासे डावीकडे कलते. मी पत्र्याची झारी आहे आणि तुमच्या आईवडिलांच्या वयाची आहे.

बुऱ्हाणपुरात लीलाधर नावाचा कारागीर पत्र्याच्या बादल्या, डबे आणि पेट्या करत असे. त्याने पत्रा कापला, लाकडी हातोडीने वाकवला, सांधे कथील वितळवून झाळले आणि मला उभे केले. तोंडाची चकती सगळ्यांत शेवटी झाली. ती मांडीवर घेऊन, एकेक भोक मोजत तो खिळा ठोकत होता. आम्ही बारा झाऱ्या होतो. एका टेम्पोत घालून आम्हाला सरकारी रोपवाटिकेत नेले. त्याच आठवड्यात तिथे प्रभाकर नावाचा एक नवा माळी कामाला लागला होता. त्याने बाराही झाऱ्या उचलून पाहिल्या आणि मला घेतले. का घेतले ते मला माहीत नाही. माझी मूठ कदाचित त्याच्या हाताला बसली असेल.

पुढची एकतीस वर्षे मी त्याच्याबरोबर होते. सागवान, कडुलिंब, करंज, आवळा, बांबू अशी किती रोपे आम्ही वाढवली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. प्रभाकरचा हात बियाण्याला लागला की ते उगवतेच, असे रोपवाटिकेत सगळे म्हणत. नवीन मजूर आला की प्रभाकर त्याला आधी एकच गोष्ट शिकवायचा. बी जितके जाड, तितके खोल पुरायचे. सागवानाचे एवढे, आवळ्याचे एवढे, असे तो बोटाच्या पेरावर दाखवायचा.

त्याचा एक शत्रू होता, नागरमोथा. हे गवतासारखे दिसणारे तण असते. वरून उपटले तरी त्याच्या काळ्या गाठी जमिनीत राहतात आणि आठ दिवसांत ते पुन्हा वर येते. प्रभाकरने एकतीस वर्षे मोथा उपटला. त्याच्या उजव्या अंगठ्याचे नख त्या कामाने कायमचे वाकडे झाले होते.

मग रोपवाटिकेत नळ्या आल्या, फवारे आले. एक चावी फिरवली की सगळ्या वाफ्यांवर पाणी पडू लागले. मला शेडच्या मागे टाकून दिले. दोन पावसाळे माझ्यात एक बेडूक राहत होता. प्रभाकर निवृत्त झाला, त्या दिवशी शाल आणि नारळ घेऊन झाल्यावर तो शेडच्या मागे आला. त्याने बेडकाला हलकेच बाहेर काढले आणि साहेबांना विचारले, "साहेब, ही झारी नेऊ का?" साहेब हसले आणि हो म्हणाले. अशी मी त्याच्या सायकलला अडकून त्याच्या गावी आले.

प्रभाकरचे गाव शाहपूरच्या अलीकडे आहे. तिथे एक नाला तापीला मिळतो. नाल्याच्या काठी वाळूची उंच टेकडी आहे, टेकडीवर दोन खोल्यांची प्राथमिक शाळा आहे आणि टेकडीच्या पायथ्याशी चुडामण नावाच्या शेतकऱ्याची केळीची बाग आहे. शाळा बांधली तेव्हा टेकडीची कड मागच्या भिंतीपासून बरीच लांब होती. दरवर्षी पावसाने थोडी थोडी वाळू घसरत गेली. प्रभाकर गावी परतला त्या पावसाळ्यात मागच्या भिंतीच्या पायाचे दगड उघडे पडले.

शाळेच्या बाई, रश्मी मॅडम, रोज बुऱ्हाणपूरच्या लालबागहून स्कूटीवर येतात. दिवाळीच्या आधी एका सकाळी त्या प्रभाकरच्या अंगणात आल्या. मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"काका, इंजिनिअर साहेब येऊन गेले," त्या म्हणाल्या. "बोलले, पुढच्या बारिशनंतर पुन्हा चेक करणार. पाया अजून उघडा पडला तर शाळेला ताला. पोरांना शाहपूरला टाकणार."

"आन् दगडाची भिंत बांधणार होते ना?"

"मंजूर आहे म्हणतात. केव्हा होईल ते कोणी सांगत नाही. तुम्ही एवढी झाडं लावली जिंदगीभर. इथे काही लावता येईल का?"

प्रभाकर दुसऱ्या दिवशी मला घेऊन टेकडीवर गेला. झाड लावण्यात अर्थ नव्हता, कारण झाड मोठे व्हायला वर्षे लागली असती आणि भिंतीच्या इतक्या जवळ त्याच्या मुळांनी पायाच उचकटला असता. तो उतारावर इकडून तिकडे फिरला. पूर्वेच्या कोपऱ्यात तो थांबला. तिथे हातभर रुंद जागेत वाळू जशीच्या तशी उभी होती. आजूबाजूची सगळी घसरली होती, पण तो तुकडा राहिला होता. त्यावर गवतासारखे सात-आठ ठोंब होते. प्रभाकरने एक काडी बोटांत धरून फिरवली. ती गोल नव्हती. तिला तीन धारा होत्या.

"लव्हाळं," तो स्वतःशीच म्हणाला.

लव्हाळे आपल्याला नदीच्या ओल्या काठावर दिसते. हे मात्र कोरड्या वाळूत उगवणारे, आपल्याच भागातले बुटके लव्हाळे होते. गावात त्याला वेगळे नाव नव्हते, कारण कोणी त्याच्याकडे कधी बघितले नव्हते. प्रभाकरने एक ठोंब मुळांसकट हलवून पाहायचे ठरवले. हाताने वाळू उकरत तो कोपरापर्यंत गेला, तरी मूळ संपले नाही. शेवटी ते तुटले. त्याने तो ठोंब घरी आणून लावला आणि पाच दिवसांत तो वाळून गेला. ठोंब हलवता येणार नाहीत, आणि काढत राहिले तर उरलेला तुकडाही घसरेल, हे त्याला समजले. बियांपासून रोपे करणे एवढाच मार्ग राहिला.

कार्तिकात लव्हाळ्याचे तपकिरी तुरे पिकले. प्रभाकरने ते कागदावर झटकले. बी मोहरीच्या दाण्याच्या पाव हिश्शाएवढे आणि तिकोनी होते. त्याने त्याच्या नेहमीच्या पद्धतीने काम केले. काळ्या पिशव्यांत माती, वाळू आणि जुने शेणखत भरले. प्रत्येक पिशवीत अर्ध्या नखाएवढे खोल बी पुरले. सकाळ-संध्याकाळ मी पाणी घातले.

चाळीस दिवस काहीच झाले नाही. मग एका सकाळी नऊ पिशव्यांत हिरवी टोके दिसली. प्रभाकर बायकोला हाका मारत आत गेला. शारदाबाई हात पुसत बाहेर आल्या, बघून गेल्या. दुपारी रश्मी मॅडमना निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी त्या बुऱ्हाणपूरहून मावा जलेबी घेऊन आल्या. रस्त्याने जाणाऱ्या चुडामणलाही प्रभाकरने बोलावून जलेबी दिली.

"काय उगवलं दादा?" चुडामणने विचारले.

"शाळा वाचवनारं गवत," प्रभाकर म्हणाला.

आठवडा गेला. पाने चकचकीत आणि जरा जास्तच जोमदार दिसू लागली. शारदाबाई एका पिशवीपाशी बसल्या. त्यांनी रोप उपटले आणि प्रभाकरपुढे धरले. मुळाला काळी गाठ होती. तो नागरमोथा होता; कोवळेपणी दोन्ही सारखेच दिसतात. शेणखतातून गाठी आल्या होत्या. आयुष्यभर ज्याला उपटले, त्याला प्रभाकरने स्वतःच्या हाताने पाणी घालून वाढवले होते. नेमका त्याच वेळी चुडामण कुंपणापाशी उभा होता. त्याने ती गाठ पाहिली, प्रभाकरकडे पाहिले आणि तो निघून गेला.

माघात प्रभाकरने पुन्हा पेरले. या वेळी शेणखत घातले नाही. नाल्याची वाळू चाळून घेतली, बी रात्रभर भिजवले आणि पुन्हा नखाच्या हिशेबाने पुरले. पस्तीस दिवसांनी त्याने काडीने वाळू उकरली. बी जसे घातले तसेच होते. कुजलेही नव्हते, फुगलेही नव्हते. जणू कोणी त्याला उठवलेच नव्हते.

त्यानंतर प्रभाकरचे बोलणे कमी झाले. पारावर जाणे त्याने बंद केले. रोपवाटिकेतला कोणी ओळखीचा रस्त्यात भेटला की तो दुसऱ्या गल्लीत वळे. चुडामण दिसला की तोंड फिरवी. एकदा जेवताना तो शारदाबाईंना म्हणाला, "एकतीस वर्षं मी माळी होतो का नुसता पाणक्या? एवढंसं बी उगवत नाई माझ्याच्यानं."

शारदाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि सहज विचारले, "अवो, तिकडं नाल्यावर ते आपसूक उगवते ना? तिथं त्याले कोन जाऊन पुरते?"

प्रभाकरने घास खाली ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला. "तू शिकवशील आता मले?" असे म्हणून तो उठून बाहेर गेला. अंगणात तो बराच वेळ उभा राहिला. मी त्याच्या समोरच टांगलेली होते. तो माझ्याकडे बघत होता, पण त्याला मी दिसत नसावी. मग तो टेकडीवर गेला. दुपारभर परतला नाही. आला तेव्हा त्याच्या गुडघ्यांना वाळू लागलेली होती. त्याने लव्हाळ्याच्या ठोंबांपाशी बसून बघितले होते. गळलेले बी सगळे वरच पडलेले होते. उन्हात आणि उघड्यावर होते.

"शारदा," तो दारातून म्हणाला, "तुझं बरोबर हाय."

शारदाबाईंनी त्याचे ताट झाकून ठेवले होते. ते त्यांनी पुढे केले.

चैत्राचे ऊन तापू लागले होते. प्रभाकरने केळी भरायचे सात जुने क्रेट मिळवले. तळाला गोणपाट घातले आणि नाल्याची नुसती वाळू भरली. वाळू आधी भिजवून दाबली. त्यावर बी भुरभुरवले आणि पुरले नाही. त्याचा हात सवयीने मूठभर वाळू घेऊन वरून टाकायला गेला होता. तो मध्येच थांबला आणि त्याने ती मूठ बाजूला रिकामी केली. मी ते जवळून पाहिले. एकतीस वर्षांची सवय मोडायला त्याला किती जड गेले ते त्या मुठीवरून समजत होते.

आता अडचण माझी होती. माझी धार जाड. पहिल्याच पाण्याने वरचे बी वाहून एका कोपऱ्यात जमले. शारदाबाईंनी जुन्या सुती लुगड्याचा तुकडा माझ्या तोंडावर दुहेरी बांधला. मग पाणी थेंबाथेंबाने, दव पडावे तसे पडू लागले. वाळू उन्हात लगेच कोरडी पडे, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा पाणी द्यावे लागे. सकाळी प्रभाकर देई, दुपारी शारदाबाई देत. दोघांनी वेळा वाटून घेतल्या होत्या. शारदाबाई लग्नात जातानाही आधी क्रेटकडे जाऊन मग जात.

बाराव्या दिवशी सकाळी वाळूवर हिरवे केस उभे होते. इतके बारीक की वाकून आडवे बघितले तरच दिसत. प्रभाकरने कोणाला हाक मारली नाही. त्याने जलेबीही मागवली नाही. तो दुपारपर्यंत तिथेच बसून होता. पंधरा दिवस थांबून त्याने एक रोप काढले, मूळ धुतले, गाठ आहे का ते पाहिले. गाठ नव्हती. काडी अजून सुईएवढी होती, पण बोटांत फिरवली तर तीन धारा लागत होत्या. तेव्हा कुठे त्याने रश्मी मॅडमना सांगितले.

आषाढात तीनशे बारा रोपे टेकडीवर लागली. उताराला आडव्या ओळी घातल्या होत्या, म्हणजे वरून येणारे पाणी प्रत्येक ओळीवर अडेल. श्रावणात सतरा दिवस पावसाने तोंड दाखवले नाही. शाळेच्या हातपंपापासून उतारापर्यंत साठ पावले आहेत. ती साठ पावले मी त्या दिवसांत इतक्या वेळा केली की माझ्या मुठीचा एक सांधा सुटला. प्रभाकरने तो तारेने आवळला आणि काम चालू ठेवले. रोपे जगली. त्यांनी बुडातून नवे फुटवे काढले.

भाद्रपदातल्या एका मंगळवारी प्रभाकर डोळे तपासायला बुऱ्हाणपूरला गेला. मी शाळेच्या ओट्यावर होते. वर्गात रश्मी मॅडम पाढे म्हणून घेत होत्या. मी पाहिले, खालून चुडामण पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आला. त्याने आधी स्वतःच्या बांधावर तणनाशक मारले. मग तो उतारावर चढला आणि नळीचे टोक पोचेल तिथवर लव्हाळ्याच्या ओळींवरही फवारले. मला तोंड आहे, पण आवाज नाही. वास आला तेव्हा मॅडम धावत बाहेर आल्या.

"चुडामणभाऊ! हे काय करताय? बंद करा!"

"मी माझ्या बागेचा बंदोबस्त करून राह्यलो, मॅडम," चुडामण शांतपणे म्हणाला. तो लपून करत नव्हता. "मोथा हाय तो. मी माझ्या डोळ्यानं त्याच्या अंगनात गाठ पाह्यली. एकदा का माझ्या केळीत घुसला तर माझा नातूबी उपटत बसीन."

सहा दिवसांत खालच्या ओळी पिवळ्या पडल्या. दहाव्या दिवशी त्या वाळल्या. वर एकशे चाळीसच्या आसपास रोपे राहिली.

शारदाबाई संतापल्या होत्या. "जा, भांडा त्याच्याशी. पंचाईत बसवा. नाई तर मी जाते." तीन दिवस प्रभाकर भांडायला गेला नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्याने मला भरून घेतले आणि टेकडीवर गेला. शारदाबाईही मागून आल्या. प्रभाकर वरच्या ओळीत सगळ्यांत चांगल्या ठोंबापाशी बसला. त्याला नऊ फुटवे होते. त्याने वाळू उकरायला सुरुवात केली.

"अवो, हे काय? जितका उरला तोबी उपटता का?"

"उपटल्याशिवाय त्याले दिसनार नाई," प्रभाकर म्हणाला.

त्याने ठोंब जमेल तितक्या खोलातून काढला. मग तो उतरून केळीच्या बागेत गेला. चुडामण घड बांधत होता. प्रभाकरला पाहून त्याने हातातली दोरी सोडली आणि तो ताठ उभा राहिला. त्याला वाटले आता भांडण होणार. पण प्रभाकर बांधावर वाकला आणि फवारणीतून वाचलेला नागरमोथ्याचा एक ठोंब त्याने बोटे रुतवून काढला. मग त्याने मला शारदाबाईंच्या हातात दिले.

"धार सोड," तो म्हणाला.

शारदाबाईंनी माझे तोंड खाली केले. माझ्या तिरप्या धारेखाली प्रभाकरने दोन्ही मुळे धुतली. एका मुळातून चार काळ्या गाठी निघाल्या. दुसऱ्या मुळात नुसते केसांसारखे तंतू होते. त्याने दोन्ही चुडामणच्या ओंजळीत ठेवले.

"दुसऱ्यात गाठ दाखव."

चुडामणने लव्हाळ्याचे मूळ बोटांनी फाकवले. एकेक तंतू चाचपला. वर धरून उन्हात पाहिले. पुन्हा चाचपले. बराच वेळ तो मान खाली घालून तेच करत राहिला.

"मंग मले आधी काहून नाई सांगलं, दादा?" तो शेवटी म्हणाला.

"तू इचारलं?" प्रभाकरचा आवाज एकदम चढला. मग तो खाली आला. "आन् मीबी नाई सांगलं. त्या गाठीच्या दिवसापासून तुले पाहून मी तोंड चुकवत होतो. लाज वाटे मले. थांबून तुले दोन शब्द सांगले असते तर हे झालं नसतं."

 चुडामणने मोथा बांधाच्या दगडावर आपटला. लव्हाळ्याचा ठोंब त्याने केळीच्या ओल्या पानात गुंडाळला आणि तो पुन्हा जगेल का, असे विचारले. प्रभाकरने मान हलवून नाही म्हटले. तरीही चुडामणने तो ठोंब टाकला नाही. तो उतारावर गेला आणि जिथे त्याने फवारले होते तिथे त्याने तो स्वतःच्या हाताने लावला. तो ठोंब जगला नाही, हे मी तुम्हाला सांगायला हवे.

परतीच्या पावसाने खालची मेलेली बाजू घसरली. ती वाळू चुडामणच्या बागेत शिरली आणि केळीची अकरा झाडे आडवी झाली. वरच्या ओळींनी मात्र आपली जागा सोडली नाही. कार्तिकात इंजिनिअर साहेब आले. त्यांनी टेप लावून भिंत मोजली आणि पायाचे दगड मोजले. मग बराच वेळ त्यांनी लव्हाळ्याकडे पाहिले.

"ये घास किसने लगाई?"

रश्मी मॅडमनी प्रभाकरकडे बोट दाखवले.

"नींव और नहीं खुली," साहेब म्हणाले. "नीचे का हिस्सा संभालो. एक साल और देखते हैं."

ते वर्ष आमच्या गावाने कसे काढले ते थोडक्यात सांगते. चुडामणने त्याच्या बागेतले चाळीस क्रेट आणून दिले. आता बी कसे पेरायचे हे प्रभाकर सांगत होता आणि शारदाबाई करून दाखवत होत्या. कोणी सवयीने वाळू वर टाकायला गेले की त्या हात धरत. काही बी पावसाच्या तोंडावर सरळ उतारावरच भुरभुरले. शेळ्या चढू नयेत म्हणून चुडामणने बाभळीच्या काट्या आणून तिन्ही बाजूंनी लावल्या. त्याच्या हातांना खूप काटे रुतले. तो संध्याकाळी ओट्यावर बसून सुईने काटे काढायचा आणि प्रभाकर त्याच्या शेजारी बसून केळीच्या बाजारभावाबद्दल बोलायचा. झालेल्या फवारणीबद्दल दोघे पुन्हा बोलले नाहीत.

यंदाच्या पावसाळ्यात टेकडी राहिली. अगदीच काही घसरले नाही असे मी म्हणणार नाही. शाळेच्या पत्र्याची पागोळी जिथे पडते तिथे वाळूला एक खड्डा पडला होता. तो दगड घालून बुजवला. बाकीची वाळू लव्हाळ्याने धरून ठेवली. साहेब आले, त्यांनी मोजले आणि कागदावर लिहिले की वर्ग चालू ठेवावेत. तिसरीची मुले अजून त्याच मागच्या खोलीत बसतात. दगडाची भिंत अजून मंजूरच आहे.

या कार्तिकात प्रभाकर आणि चुडामण बी गोळा करायला उतारावर गेले. देडतलाईच्या एका शाळेने थोडे बी मागितले होते. मला बरोबर नेले ते पाण्यासाठी नव्हे, बी ठेवायला. लव्हाळ्याला आता पाणी घालावे लागत नाही. वैशाखातही त्याने मागितले नाही. माझ्या तळाला कागद अंथरून प्रभाकर त्यात तुरे झटकत होता. मी अर्धी भरले असेन, एवढ्यात नाल्याकडून वाऱ्याचा झोत आला. मी कलंडले. सगळे बी उतारावर उधळले. चुडामण ते वेचायला घाईने गुडघ्यांवर बसला.

प्रभाकरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला. "बरोबर पडलं."

मग त्याने दुसऱ्या ओळीतले तुरे झटकायला घेतले.

मित्रांनो, माझे काम आता फारसे राहिलेले नाही. म्हणून तुम्हाला दोनच गोष्टी सांगते. तुमच्या अंगणात, शाळेच्या कडेला एखादे ओळखू न येणारे रोप दिसले, तर ते तण आहे असे कोणीतरी म्हटले म्हणून लगेच उपटू नका. ज्याला माहीत आहे त्याला विचारा. आणि तुम्हाला स्वतःला माहीत असेल, तर शेजाऱ्याने विचारायची वाट बघू नका, जाऊन सांगा. न सांगितल्यामुळे एकशे सत्तर रोपे गेली, ती मी ओट्यावरून पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट माझ्यासारख्यांची. घरात पत्र्याची झारी असेल, तर काम झाल्यावर तिच्यात पाणी ठेवून देऊ नका. उरलेले पाणी एखाद्या झाडाच्या बुडाशी ओता, तिला उपडी घाला आणि सावलीत ठेवा. प्रभाकर रोज संध्याकाळी तसे करतो. त्यामुळे माझी तेहतीस भोके अजून उघडी आहेत.